पॅड नवे, डिस्क घासलेल्या. तरी ब्रेकला थरथर का?

मोटारीचे ब्रेक पॅड बदलून घेतले, डिस्क लेथवर घासून गुळगुळीत केल्या, तरीही वेगात असताना ब्रेकवर पाय ठेवताच स्टिअरिंग थरथरते किंवा पेडल पायाखाली धडधडते, ही तक्रार वाहनधारकांकडून नेहमी ऐकावयास मिळते. अशा वेळी बहुधा दोनच उपाय सुचविले जातात : डिस्क पुन्हा घासावी, नाही तर नवी बसवावी. पुष्कळदा या उपायांनी थरथर काही काळ थांबते आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा सुरू होते. याचे कारण असे, की ही थरथर बहुतेक वेळा डिस्क जुनी झाल्याची नव्हे, तर ती कशी घासली आणि कशी बसविली याची खूण असते. हा दोष मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही लागत नाही. मोजमाप न घेता केलेली दुरुस्ती म्हणूनच अंदाजाची ठरते.

सपाट रस्ता आणि घाट

बीड जिल्ह्यातील वडवणी हे तालुक्याचे गाव बीड-परळी रस्त्यावर आहे. या रस्त्याने पुढे गेल्यावर तेलगाव लागते. तेथून धारूरची वाट धरली, की बालाघाटच्या डोंगररांगेवर चढणारा धारूरचा घाट आडवा येतो. नोकरी-व्यवसायानिमित्त शहरात स्थायिक झालेली या भागातील कुटुंबे सणासुदीला आणि लग्नसराईत स्वतःच्या मोटारीने गावाकडे येतात. शहरातील रहदारीत ताशी ३०-४० किलोमीटर वेगाने चालताना ब्रेकची थरथर फारशी जाणवत नाही. महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगात ती प्रथम लक्षात येते, आणि घाट उतरताना तापलेल्या ब्रेकवर ती वाढते. गळीत हंगामात समोर उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली असेल, तर ब्रेकवर पूर्ण विश्वास असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

घाटात ब्रेकवर पडणारा भार आकड्यांत पाहण्यासारखा आहे. माणसे व सामान धरून १,४०० किलो वजनाची मोटार २०० मीटर उंची उतरून खाली आली, असे समजू. इंजिनाची व हवेची मदत वगळली, तर एवढ्या उतारावर ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता सुमारे साडेआठ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी असते. ही सारी उष्णता आधी डिस्क आणि पॅड यांनाच सोसावी लागते. डिस्क जितकी पातळ, तितकी ती लवकर तापते. वारंवार डिस्क घासून घेणे हा निरुपद्रवी उपाय का नाही, याचे उत्तर येथेच आहे.

डिस्क खरोखर वाकते का?

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि १९५३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने विजय मिळविल्यानंतर तिचा बोलबाला झाला. रचना साधी आहे. चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची चकती, म्हणजे डिस्क, दोन पॅडच्या मध्ये असते. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात.

ब्रेकला थरथर आली की गॅरेजमध्ये ‘डिस्क बेंड झाली’ असे सरसकट म्हटले जाते. तापून डिस्क कायमची वाकणे मात्र त्या मानाने क्वचित घडते. प्रत्यक्षात दोन निरनिराळे दोष असतात आणि त्यांतील फरक ध्यानात घेणे हेच निदानाचे मर्म होय.

पहिला दोष डिस्कच्या डोलण्याचा. डिस्क एकसारख्या जाडीची असूनही हबवर किंचित तिरकी बसली, तर फिरताना तिची कड आत-बाहेर होते. दुसरा दोष जाडीतील फरकाचा. डिस्क एका ठिकाणी जाड आणि दुसऱ्या ठिकाणी पातळ असेल, तर जाड भाग पॅडमधून जाताना पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग येताच तो पुन्हा पुढे येतो. ऑइलच्या दाबातील हा चढउतार पेडलमधून पायाला धडधडीच्या रूपाने जाणवतो. आजच्या बहुतेक मोटारींत कॅलिपर पिनांवर सरकणारा असतो. त्यामुळे नुसते थोडे डोलणे तो सामावून घेतो. जाडीतील फरक त्याला सामावून घेता येत नाही, आणि ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर एवढा फरकही थरथर निर्माण करण्यास पुरेसा ठरू शकतो.

डोलणाऱ्या डिस्कमुळे जाडीत फरक पडतो, हे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे. ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला चाटून जातो आणि तेवढ्याच जागी झिजत राहतो. साधारण मोटारीचे चाक एका किलोमीटरला सुमारे ५४० फेऱ्या घेते. पाच हजार किलोमीटरमध्ये अशा सत्तावीस लाख फेऱ्या होतात. दुरुस्तीच्या दिवशी गाडी निर्दोष वाटते आणि काही महिन्यांनी थरथर परत येते, ती या मार्गाने.

पहिला प्रश्न : थरथर ब्रेकचीच आहे का?

चाक काढण्यापूर्वी काही गोष्टी गाडी चालवूनच ठरविता येतात. ब्रेक न दाबताही ठराविक वेगाला गाडी थरथरत असेल, तर दोष चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये, टायरमध्ये किंवा चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये शोधावा. मराठवाड्यात पावसाळ्यात याचे एक अगदी साधे कारण आढळते. शेतरस्त्यावरील काळी चिकट माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वाळून घट्ट बसते. चाकाचा तोल जाण्यास तेवढे पुरते. गॅरेजकडे जाण्यापूर्वी रिम आतून धुऊन पाहावी. मात्र घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर थंड पाण्याचा मारा करू नये, त्या आधी निवू द्याव्यात.

थरथर फक्त ब्रेक दाबतानाच येत असेल, तर ती कोठे जाणवते ते पाहावे. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलत असेल, तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. आसन किंवा गाडीचा तळ थरथरत असेल, तर मागच्या चाकांवर संशय घ्यावा. अनेक मोटारींत मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रम किंचित लंबगोल झाला असेल, तर पुढच्या डिस्क कितीही वेळा घासल्या तरी उपयोग होत नाही. याची खात्री करण्यासाठी मोकळ्या, कोरड्या, सरळ आणि रहदारी नसलेल्या जागी ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगात हॅण्डब्रेकचे बटण दाबून धरून दांडी हलकेच ओढावी. थरथर तेव्हाही आली, तर दोष मागे आहे. बटणाने चालणाऱ्या विद्युत हॅण्डब्रेकवर ही चाचणी करू नये. काही मोटारींत मागच्या डिस्कच्या आत हॅण्डब्रेकसाठी वेगळा ड्रम असतो, त्या गाड्यांत ही चाचणी मागच्या डिस्कविषयी काही सांगत नाही.

थरथरीची गतीही बोलकी असते. ताशी ८० किलोमीटर वेगात चाक सेकंदाला सुमारे १२ फेऱ्या घेते, ४० वर सहा. वेग कमी होईल तसे ठोके संथ होत गेले, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात, म्हणजे डिस्क, ड्रम, हब किंवा टायर यांत आहे. वेग काहीही असो, पेडलखाली जलद खडखड होत असेल, तर ती एबीएस यंत्रणेची असू शकते. भारतात २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले आहे. खडीवर किंवा जोरात ब्रेक दाबताना अशी खडखड होणे हे यंत्रणा काम करीत असल्याचे लक्षण होय. परंतु गाडी थांबता थांबता, अगदी कमी वेगात आणि हलक्या ब्रेकवर ती होऊ लागली, तर काम करताना चाकाजवळील सेन्सर मळला किंवा त्याची दातेरी कडी तडकली, अशी शंका घ्यावी.

दुसरा प्रश्न : थरथर कधी सुरू झाली?

पॅड व डिस्कचे काम झाल्यावर गाडी बाहेर काढताच थरथर असेल, तर कारण त्या कामातच शोधावे. घासताना डिस्कच्या दोन्ही बाजू समांतर न राहणे, कॅलिपरचा बोल्ट सैल राहणे, पॅड अडकून बसणे किंवा दोष मुळात मागच्या ड्रमचा असणे, ही कारणे प्रथम तपासावीत. सुरुवातीला सर्व ठीक असून तीन ते सहा हजार किलोमीटरनंतर थरथर आली, तर डिस्क पहिल्या दिवसापासून तिरकी बसली होती, हे अनुमान प्रबळ ठरते. घाट उतरताना जोराचे ब्रेक लावल्यानंतर ती सुरू झाली असेल, तर पॅडचा थर डिस्कवर असमान चिकटला, हे कारण संभवते.

लेथवर काय बिघडते?

वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी डिस्क घासण्याचे काम बहुधा शेतीच्या अवजारांची व इतर सुट्या भागांची कामे करणाऱ्या सर्वसाधारण लेथवर होते. काम करणारा कारागीर कुशल असला, तरी येथे एक धोका संभवतो. डिस्क जबड्यात पकडून एक बाजू घासावयाची, मग ती उलटवून पुन्हा पकडून दुसरी बाजू घासावयाची, अशी पद्धत वापरली, तर दोन्ही बाजू आपापल्या परीने सपाट होतात, पण एकमेकींना समांतर राहतीलच असे नाही. आरशासारखी चकाकणारी डिस्क थरथरते, ती यामुळे. एकाच पकडीत दोन्ही बाजूंनी कापणारे यंत्र, किंवा डिस्क गाडीवरच ठेवून तिला हबसह घासणारे यंत्र उपलब्ध असेल, तर ते केव्हाही श्रेयस्कर.

आणखी एक बाब म्हणजे घासलेल्या पृष्ठभागाचा पोत. कटर वेगाने पुढे सरकविला, तर डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखी सलग नागमोडी रेघ उमटते. पॅड त्या रेघेवर चढतो आणि झटक्याने परत येतो. त्यामुळे टकटक आवाज येतो. शेवटचा काप अगदी बारीक घेऊन त्यानंतर पॉलिश पेपरने सर्व दिशांनी पृष्ठभाग घासणे आणि साबणाच्या पाण्याने डिस्क धुऊन पुसणे, एवढ्याने हा त्रास टळतो.

डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. उदाहरणार्थ, नवी डिस्क २२ मिलिमीटर जाड असेल आणि मर्यादा २० असेल, तर घासल्यानंतर २०.२ मिलिमीटर उरलेली डिस्क कागदोपत्री पास होते, पण पॅडचा संच संपण्यापूर्वीच ती मर्यादेखाली जाण्याची शक्यता असते. अशी डिस्क बदलणेच योग्य. मर्यादेखालील डिस्क कोणत्याही सबबीवर घासू नये.

बसविताना काय चुकते?

डिस्क ज्या हबवर बसते, त्याच्या तोंडावरील गंज हा या विकारातील सर्वाधिक दुर्लक्षित घटक आहे. हबच्या तोंडाचा व्यास १३० मिलिमीटर आणि डिस्कचा २५० मिलिमीटर धरू. हबच्या कडेशी ०.१ मिलिमीटर जाडीचा गंजाचा पापुद्रा राहिला, तर डिस्कच्या कडेला डोलणे जवळपास दुप्पट, म्हणजे ०.१९ मिलिमीटर होते. बहुतेक उत्पादकांची मर्यादा साधारणपणे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. म्हणजे नवी कोरी डिस्क गंजलेल्या हबवर बसविली, तरी पहिल्याच दिवशी ती मर्यादेबाहेर जाते. तारेच्या ब्रशने हबचे तोंड धातू दिसेपर्यंत स्वच्छ करण्यास दहा मिनिटे पुरतात, आणि ही दहा मिनिटे वाचविल्याचा खर्च वाहनधारकाला पुढे सोसावा लागतो.

चाकाच्या नटांचेही असेच आहे. हवेच्या गनने एक नट अति आवळला आणि दुसरा कमी, तर डिस्क असमान दाबली जाते. नट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच आवळावेत. रस्त्यावर पंक्चर काढल्यानंतर थरथर सुरू झाली असेल, तर सर्वप्रथम हेच तपासावे.

मोजमाप कसे घ्यावे?

यासाठी दोन साधने लागतात : डायल गेज आणि मायक्रोमीटर. चाक काढून डिस्क सर्व नटांनी, वॉशर घालून, हबवर एकसारखी आवळावी. डायल गेजचे टोक डिस्कच्या कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत टेकवावे आणि डिस्क हाताने एक फेरी फिरवावी. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतील फरक म्हणजे डिस्कचे डोलणे. ते मर्यादेबाहेर असेल, तर उंच जागेवर डिस्क व हब दोहोंवर खडूने खूण करावी, हब स्वच्छ करावा आणि डिस्क एक किंवा दोन छिद्रे पुढे फिरवून पुन्हा मोजावे. उंच जागा डिस्कबरोबर सरकली, तर दोष डिस्कमध्ये. ती हबच्या खुणेपाशीच राहिली, तर दोष हबमध्ये किंवा बेअरिंगमध्ये. या एका चाचणीने अनेकदा नव्या डिस्कचा खर्च वाचतो.

त्यानंतर मायक्रोमीटरने डिस्कच्या कडेपासून सारख्याच अंतरावर, ४५ अंशांच्या फरकाने आठ ठिकाणी जाडी मोजावी. साध्या व्हर्नियरने हे काम होत नाही. एक तर त्याची अचूकता अपुरी पडते, शिवाय झिजलेल्या डिस्कच्या कडेवर उरलेल्या ओठावर तो टेकतो आणि चुकीचा आकडा दाखवितो.

पॅड, कॅलिपर आणि इतर सोबती

नवे पॅड बसविल्यावर ते डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटर वेगावरून २० पर्यंत मध्यम ब्रेकने वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, अर्धा-एक किलोमीटर चालवून ब्रेक निवू द्यावेत आणि असे आठ-दहा वेळा करावे. पहिले तीनशे किलोमीटर अकारण जोराचे ब्रेक टाळावेत. तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पेडल दाबून धरले, तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि तेथून थरथरीची सुरुवात होते. डिस्कवर निळसर डाग दिसत असतील, तर ती अतितापाची खूण समजावी. सुमारे ६५० ते ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे ओतीव लोखंडात ठिकठिकाणी कठीण डाग तयार होतात. ते डिस्कच्या आत खोलवर गेलेले असल्यास घासूनही जात नाहीत आणि थरथर परत येते. अशी डिस्क बदलावी.

कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडल्या किंवा पिस्टन अडकला, तर पॅड सतत घासत राहतो आणि एकच चाक जास्त तापते. पिनांना ब्रेकसाठीचे उष्णतारोधक ग्रीसच लावावे, साधे ग्रीस रबराचे नुकसान करू शकते. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एण्ड आणि चाकाचे बेअरिंग यांतील ढिलाई थरथर निर्माण करीत नसली, तरी लहान थरथर मोठी करून दाखविते. ब्रेकमधील भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. ती श्वासावाटे शरीरात जाणे अपायकारक आहे. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती काढावी.

गॅरेजमध्ये विचारावयाचे प्रश्न

१. डिस्क घासण्यापूर्वी आणि घासल्यानंतर जाडी किती होती? किमान मर्यादा किती?
२. डिस्क बसविल्यावर डायल गेजने डोलणे मोजले का? किती आले?
३. हबचे तोंड स्वच्छ केले का?
४. दोन्ही बाजू एकाच पकडीत घासल्या का?
५. मागचे ड्रम उघडून पाहिले का?
६. नट टॉर्क पान्याने आवळले का?

ही उत्तरे आकड्यांत, बिलाच्या मागे का होईना, लिहून घ्यावीत. पुढच्या वेळी थरथर आली, तर तोच कागद निदानाचा पहिला आधार ठरतो.

केव्हा गाडी चालवू नये?

पेडल मऊ लागणे किंवा खाली जाणे, ब्रेक ऑइलची गळती, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाणे, धातूवर धातू घासल्याचा आवाज, डिस्कवर कडेपर्यंत गेलेली चीर किंवा चाकाच्या बोल्टची ढिलाई, यांपैकी एक जरी लक्षण थरथरीच्या जोडीला असेल, तर गाडी जागीच थांबवावी आणि कारागिराला तेथे बोलवावे. नुसती सौम्य थरथर असेल, तर सपाट रस्त्याने बेताच्या वेगात गॅरेजपर्यंत जाता येते. घाट मात्र टाळावा. निर्दोष ब्रेक असलेल्या गाडीनेही घाट चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे वेग आवरण्याचे बरेचसे काम इंजिन करते आणि ब्रेक निवांत राहतात. गावाकडे निघण्यापूर्वी आठवडाभर आधी ब्रेकची ही मोजमापे करून घ्यावीत, म्हणजे गरज पडल्यास सुटा भाग मागवून बसविण्यास आणि नवे पॅड जुळवून घेण्यास पुरेसा अवधी मिळतो.